सूपभर कोंडा

माझ्या आईने शेजारणीचा मुलगा सूपभर कोंड्याला विकत घेतला तेव्हा मी सात वर्षांची होते. मी स्वतः तिला फुकट मिळाले होते. या दोन गोष्टींतला फरक माझ्या लगेच लक्षात आला आणि तो मुलगा मोठा होऊन कमवायला लागेपर्यंत मी त्याच्यावर जळत राहिले. त्या काळात कायदा शिकायला लागले, तरी जळणं कमी झालं नाही. फक्त आता ते कलमांच्या आधाराने करता येऊ लागलं.

बासष्ट सालची गोष्ट. तेव्हा आम्ही चिंचवड स्टेशनच्या अलीकडे राहत होतो. मुंबई-पुणे रस्त्यापासून थोडं आत एका शेतकऱ्याने गोठ्यासमोरच्या जागेत खोल्यांची एक ओळ बांधली होती. रस्त्याच्या कडेने कंपन्या उभ्या राहत होत्या, नवी माणसं पत्र्याच्या ट्रंका घेऊन येतच होती, आणि ज्वारीपेक्षा भाडेकरू बरे हे त्या शेतकऱ्याला इतरांच्या आधी कळलं होतं. माझे वडील एका कंपनीत टर्नर होते. शेजारच्या खोलीत मराठवाड्यातून आलेलं एक जोडपं राहायचं. नवरा फाउंड्रीत कामाला होता. बायकोची दोन मुलं जन्मल्यावर महिन्याच्या आतच गेली होती. तिसऱ्या वेळी दिवस भरत आले तशी ती बोलेनाशी झाली. नळावर आली की हंडा भरून वाहायला लागला तरी नुसती पाण्याकडे बघत उभी राहायची.

तोड काढली ती घरमालकिणीने. ही बाई मूळची चाकणकडची, अंगाने किरकोळ, पण सगळी ओळ तिला टरकून असायची. एक म्हैस आणि आठ बिऱ्हाडं ती एकाच आवाजात हाकायची.

"लेकरू झालं की इकून टाक," ती शेजारणीला म्हणाली. "सटवाई तुज्या घरचं न्हेती. दुसऱ्याच्या मालाला न्हाई हात लावायची. पर घेणारीचं पोर जगल्यालं पायजे, धडधाकट पायजे."

असं म्हणून तिने जमलेल्या बायकांवर नजर फिरवली आणि बोट माझ्या आईकडे केलं. ओळीत साधा तापही न आलेलं पोर एकच होतं, ते म्हणजे मी. थोडक्यात, आईला गिऱ्हाईक होण्याचा मान मिळाला तो माझ्या जिवावर. हे मी तिला पुढे अनेकदा ऐकवलं.

मुलगा झाला. बाराव्या दिवशी त्याला सुपात घालून आमच्या दारात आणलं. शेजारीण उंबऱ्याबाहेर बसली, आई आत. घरमालकीण साक्षीला मध्ये उभी राहिली.

"काय इकतीस?" तिने शेजारणीला विचारलं.

"धोंडा." मुलाला मूल म्हणायचं नाही असं तिला बजावून ठेवलं होतं.

"काय घेतीस?"

"कोंडा."

आमच्याकडे कोंडा असायचाच. आई रोज पीठ चाळायची आणि वरचा कोंडा म्हशीसाठी डब्यात साठवायची. तो डबा तिने दुसऱ्या एका सुपात रिकामा केला, हाताने सारखा केला आणि उंबऱ्यावरून पुढे सरकवला. मग शेजारणीने मुलगा आईच्या ओटीत ठेवला. आई म्हणाली, "घेतला. आजपासून हा माझा. माझ्या वतीने तू सांभाळ," आणि तिने तो परत शेजारणीकडे दिला. एवढं झाल्यावर घरमालकिणीने अटी सांगितल्या. शेजारणीने त्या कोंड्याची भाकरी करून आजच खायची, म्हणजे व्यवहार फिरणार नाही. मुलाला तिने चुकूनही 'माझा' म्हणायचं नाही.

"आन पोरगं कमवाया लागलं की पैला पगार हातात पडायच्या आत सोडवून न्ह्यायचं," ती म्हणाली. "न्हाई न्हेलं तर कायमचं हिचं. पर फुकाट न्हेता येणार न्हाई. इकल्यालं इकतच परत घ्यायचं. ही मागंल ते द्यायचं."

शेजारीण रडत रडत प्रत्येक अटीला मान डोलवत होती. आई मात्र हसत होती. माझ्यानंतर तिला दिवस गेले नव्हते आणि तिला मुलगा हवा होता, हे सगळ्या ओळीला माहीत होतं. सूप ओढून घेताना शेजारणीच्या हाताला लागून थोडा कोंडा उंबऱ्यावर सांडला, तोही आईने तिला वेचून दिला.

संध्याकाळी आई स्टोव्हला पंप मारत असताना मी तिला विचारलं, "माझ्यासाठी काय दिलं होतंस?"

"तुझ्यासाठी?" तिला कळेना. "तुझ्यासाठी कशाला काही द्यायचं? तू आयती आलीस."

"म्हणजे फुकट?"

"फुकटच की," असं म्हणून ती हसली. वडीलही हसले. मी जेवले नाही.

फुकट मिळालेल्या गोष्टींचं काय होतं ते मला माहीत होतं. वडिलांच्या कंपनीतून फुकट मिळालेलं कॅलेंडर वर्ष संपलं की आमच्या फळीवर डब्यांखाली अंथरलं जायचं. आणि विकत आणलेल्या चिनी मातीच्या बरणीला आई कुणालाही हात लावू देत नसे. मी कॅलेंडर होते आणि तो बरणी, असं मी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं.

पुढे जे सुरू झालं ते तर अतीच होतं. शेजारीण दिवसातून किती वेळा आमच्या दारात यायची त्याला गणती नव्हती. "बाई, तुमच्या लेकराला न्हाऊ घालू का?" "बाई, तुमच्या लेकराला भाताची पेज चारू का?" "बाई, तुमच्या लेकरानं दात काढला बघा." माल दुसऱ्याचा, तर विचारायला हवं, असं घरमालकिणीने तिच्या मनावर ठसवलं होतं. आणि आईही चढली. "वारा आहे, टोपडं घाल." "आज नको जावळ काढू, उद्या काढ." पोटचं नसलेल्या पोराच्या एका दातासाठी ती हातातलं काम टाकून शेजारी धावायची. माझा पुढचा दात पडला तेव्हा म्हणाली, "टाक पत्र्यावर." माझी वेणी घालायला तिला वेळ नसे. मी स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकले, ती वाकडी यायची, आणि शाळेत बाई विचारायच्या की घरी आई नाही का.

तो बोलायला लागला तेव्हा शेजारणीला माय म्हणायला लागला आणि माझ्या आईला आई. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. तिला आई म्हणणारी जगात मी एकटी असायला हवी होते. आम्ही दोघांनी एकदम हाक मारली तर ती आधी त्याच्याकडे बघायची. लोक म्हणतील मुलीच्या मनाचे खेळ. खेळ नव्हते, मी बघत होते. दिवाळीच्या पहाटे पहिलं तेल त्याच्या डोक्याला लागायचं. भाऊबीजेला मला त्याला ओवाळायला बसवायचे, आणि मी निरांजन त्याच्या नाकाच्या इतकं जवळ न्यायचे की तो मान मागे घ्यायचा. "नीट ओवाळ," आई ओरडायची. तो हसायचा. त्याच्यावर राग काढावा असं तो कधी काही करत नसे आणि याचाच मला जास्त राग यायचा.

एक गोष्ट तर मी अजून विसरलेले नाही. मी नववीत होते. शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि माझी आई बघायला यावी एवढीच माझी इच्छा होती. आई म्हणाली, "तू आठवडाभर नळावरचं पाणी भर, मी येते." मी भरलं. पहाटे उठून, रांगेत भांडून, घरचंच नव्हे तर मालकिणीच्या म्हशीच्या टाकीतसुद्धा भरलं, कारण त्याशिवाय ती बाई नळाजवळ उभं राहू देत नसे. स्पर्धेच्या दिवशी त्या पोराला गोवर निघाला. आई त्याच्या उशाशी बसली ती उठलीच नाही. वडील शिफ्टला. मी व्यासपीठावरून खुर्च्यांच्या रांगा बघत भाषण केलं आणि दुसरा नंबर मिळवला. बक्षीस म्हणून स्टीलचं फुलपात्र मिळालं. मी ते घेऊन घरी आले तर आई म्हणाली, "बरं झालं आणलंस," आणि त्यात पाणी ओतून त्याला पाजलं.

मी ते फुलपात्र पुन्हा हातात धरलं नाही.

वर्षं गेली. रस्ता रुंद झाला, मागच्या शेतात एका कंपनीचं कुंपण आलं, म्हैस गेली. आम्ही सगळे मात्र त्याच ओळीत राहिलो. मी पदवी घेतली, एका ऑफिसात दुपारच्या टायपिंगची नोकरी धरली आणि सकाळच्या लोकलने पुण्याला कायदा शिकायला जाऊ लागले. तिथे करार कायद्याच्या तासाला मास्तरांनी सगळ्यात आधी जे शिकवलं ते ऐकून मी बाकावर ताठ बसले. नुसतं वचन म्हणजे करार नव्हे, ते म्हणाले. ज्याला वचन दिलं त्याने बदल्यात काहीतरी द्यायला हवं, करायला हवं, नाहीतर करायचं सोडायला तरी हवं. इंग्रजीत त्याला कन्सिडरेशन म्हणतात. मराठी पुस्तकात प्रतिफल लिहितात. मी सरळ मोबदला म्हणते. मोबदला नाही, तर करार नाही. मोबदला भरपूर होता की किरकोळ, हे कोर्ट बघत बसत नाही. वचन देणाऱ्याने जे मागितलं ते त्याला मिळालं की पुरे.

मला फुलपात्र आठवलं. आईने हंडे मागितले, मी हंडे भरले. करार पुरा झाला होता आणि तिने तो मोडला होता. इतकी वर्षं मला जे नुसतं लागलं होतं ते कायद्याच्या पुस्तकात छापलेलं होतं, याचा मला विलक्षण आनंद झाला.

पण पुढच्याच तासाला तो आनंद गेला. मास्तर म्हणाले, एका ठिकाणी कायदा जरा हात सैल सोडतो. जवळच्या नात्यात, केवळ प्रेमापोटी दिलेलं वचन मोबदल्याशिवायही चालतं. पण ते लेखी हवं आणि नोंदवलेलं हवं. म्हणजे आईचं प्रेमसुद्धा सही-शिक्का होऊन आलं तरच धरायचं. माझ्याकडे असलं काही नव्हतं. त्याच्याकडे निदान कोंडा होता.

मी हात वर केला. "सर, सूपभर कोंडा मोबदला म्हणून चालेल?"

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. "विकणाऱ्याने मागितला असेल तर चालेल. विकलं काय?"

"मुलगा."

आता सगळे पोट धरून हसले. "मग कोंडा चालेल," मास्तर म्हणाले, "मुलगा चालणार नाही. माणूस विकण्याचा करार कुठल्याही मोबदल्याला मुळातच रद्दबातल."

रद्दबातल हा शब्द लोकलमधून घरापर्यंत मी तोंडात घोळवत आणला. घरी तो आमच्याच पाटावर बसून जेवत होता. तेव्हा तो आयटीआयला होता आणि दुपारचं जेवण हक्काने आमच्याकडे असायचं. मी चप्पल काढता काढताच सांगितलं, "आई, तुझा व्यवहार रद्दबातल आहे. हा तुझा नाही, कधीच नव्हता. कायद्यानं."

"तुझ्या कॉलेजात सांग, सटवाई कोर्टात येत नाही," आई म्हणाली आणि तिने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

"ताई, रद्द झाला तर मी कुणाचा?" त्याने विचारलं.

"ज्यांनी जन्म दिला त्यांचा."

"तिनं तर मला विकलं," तो म्हणाला. हसतच म्हणाला, पण पोळी मोडायचा थांबला. "तुला कुणी विकलं नाही ताई, म्हणून तुला चेष्टा सुचते."

आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी भिंतीला टेकून बघत राहिले. घ्या, म्हणजे दुःखातसुद्धा याचाच नंबर वर! मला फुकट मिळाल्याचं वाईट वाटायचं, तर याला विकलं गेल्याचं वाटत होतं, आणि हात फिरला तो त्याच्या पाठीवरून.

ऐंशी साल उलटल्यावर तो भोसरीतल्या एका कंपनीत लागला. आधी अप्रेंटिस होता. अप्रेंटिसचा भत्ता म्हणजे पगार नव्हे, असा निकाल घरमालकिणीने खाटेवर पडल्या पडल्या दिला होता, त्यामुळे तोवर प्रश्न आला नाही. मग तो कायम झाला, आणि शनिवारी पहिला पगार होणार असं कळलं. त्या आठवड्यात शेजारीण सूप घेऊन आमच्या दारात आली. सुपात साडी होती, खण होता, नारळ होता. मी ऑफिसला निघाले होते, ती थांबले. सांगायला लाज वाटत नाही, त्याचं परत जाणं मला वाजतगाजत बघायचं होतं.

"बाई, लेकरू सोडवायला आले," ती म्हणाली.

"अगं, हे कशाला?" आई म्हणाली. "मला काही नको. न्या तुमचा मुलगा."

बायका जमल्या होत्या. केवढं मन, असं एकीने म्हटलंही. शेजारणीचा चेहरा मात्र उतरला. "काहीतरी मागा बाई."

"नको म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी ती पायातली चांदीची जोडवी काढून घेऊन आली. आई म्हणाली, नको. तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने गावाकडून आणलेलं पितळी घंगाळं घेऊन आली. आई म्हणाली, अगं वेडे, मला कशाला, न्या तसाच. ओळीत आईच्या मोठेपणाचं कौतुक चाललं होतं. शेजारीण घंगाळं छातीशी धरून परत जाताना दोनदा मागे वळून बघत होती. तसाच नेता येत नव्हता त्याला. फुकट नेला तर व्यवहार उलटला नाही, आणि व्यवहार उलटला नाही तर शनिवारनंतर तो कायमचा आमचा.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आई मोबदला नाकारत होती, म्हणजे करारच होऊ देत नव्हती. एकही दिवस कायद्याच्या वर्गात न बसता!

शुक्रवारी ऑफिसातून आले तेव्हा आई तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले. "तू काही मागत नाहीस, म्हणजे तू त्याला देत नाहीस."

"मी तर न्या म्हणतेय."

"फुकट न्या म्हणतेस. फुकट नेता येत नाही हे तुला पाठ आहे. उद्या पगार झाला की संपलं."

तिने ताटातला एक खडा शोधून बाजूला टाकला. "कळलं का तुला," ती म्हणाली. ओशाळली वगैरे अजिबात नाही. "मग काय करू? साडीला देऊ त्याला? घंगाळ्याला देऊ? काय मागू त्याच्या बदल्यात, सांग तू. तू शिकलीस ना?"

"कोंड्याला घेतलास तेव्हा नाही पडला प्रश्न?"

"घेताना काही वाटत नाही गं. देताना वाटतं."

तिचे डोळे भरले. त्याच्यासाठी. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांचं जे साठलं होतं ते एकदम बाहेर पडलं. "माझ्यासाठी दे मग!" मी ओरडले. "जन्मात माझ्यासाठी म्हणून तू काही दिलं नाहीस. मी आयती, मी फुकट. मी पाणी भरलं तरी तू आली नाहीस. माझ्या बक्षिसातून त्याला पाणी पाजलंस. आता मी मागते. हा दे. मला माझी आई माझ्या एकटीची हवी आहे."

सव्वीस वर्षांची, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली बाई मी, आणि पदराला नाक पुसत होते. मला वाटलं ती हसेल, लहानपणी हसली होती तशी. ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ तिने माझ्याकडे या आधी कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही. मग तिने ताट बाजूला सरकवलं.

"जा," ती म्हणाली. "तिला म्हणावं, सूपभर कोंडा आण. तेवढ्यालाच घेतला होता. नफा नको मला."

मी निरोप घेऊन गेले तेव्हा शेजारीण अंधारात दिवा न लावता बसली होती. कोंडा म्हटल्यावर ती आधी रडली आणि मग घाबरली, कारण तिच्या घरी भाकरी व्हायची आणि कोंडा असा नव्हताच. गव्हाचं पीठ सणासुदीपुरतं डबाभर असायचं. तेच खाली घेतलं. तिने एक चाळण धरली, दुसरी मी घरून आणली, आणि आम्ही दोघी समोरासमोर बसून चाळायला लागलो. डबाभर पिठातून निघून निघून कोंडा तो किती निघणार! सुपाचा तळ झाकला गेला तेवढ्यावर ती म्हणायला लागली, "पुरल का? पुरल का?" मी घरून आमचाही डबा आणला.

चाळता चाळता ती म्हणाली, "मी तुज्यावर लई जळले बग पोरी."

"माझ्यावर?" माझी चाळण थांबली.

"तुजी आई तुला चारचौघांत माझी पोरगी म्हणती. मोठ्यानं म्हणती. कुणाला भ्यावं लागत नाई तिला. मला माझ्या लेकराला एकडावबी म्हणता आलं नाई. तू गल्लीत दिसलीस की माझ्या पोटात आग पडायची."

यावर काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर जळत होतं, आणि ते जळणं इतक्या वर्षांचं होतं. मी जोरजोरात चाळायला लागले.

शनिवारी सकाळी, तो फर्स्ट शिफ्टला निघायच्या आधी, सगळे आमच्या दारात जमलो. घरमालकिणीला खाटेसकट उचलून आणलं होतं. या वेळी शेजारीण पुन्हा बाहेर आणि आई आत, पण मुलगा आईच्या बाजूला होता, चौकटीला डोकं लागू नये म्हणून मान वाकवून.

"काय इकतीस?" घरमालकिणीने आईला विचारलं. आवाज बसला होता, पण हुकूम तोच.

"मुलगा," आई म्हणाली.

"धोंडा म्हन."

"आता नाही म्हणणार."

म्हातारीने पुढचं विचारलं. "काय घेतीस?"

"कोंडा."

शेजारणीने सूप पुढे सरकवलं. आईने त्यातला कोंडा हाताने सारखा केला, पहिल्या वेळी केला होता तसाच. "आन तू काय न्हेतीस?" म्हातारीने शेजारणीला विचारलं.

शेजारणीचं तोंड उघडलं. शब्द बाहेर येईना. एकोणीस-वीस वर्षं जो शब्द गिळायची सवय केली होती तो आता मागितला तर सापडत नव्हता. तिने आभाळाकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं. तो उंबरा ओलांडून तिच्याजवळ जाऊन बसला. "माय, म्हण की," तो म्हणाला. "मला कामाला जायचंय."

"माझं," ती म्हणाली. मग थांबली, इकडेतिकडे बघितलं. काही झालं नाही. "माझं लेकरू."

बायकांनी डोळे पुसले. त्याने आईच्या पाया पडून सायकल काढली, मायला मागे बसवून रस्त्यापर्यंत नेलं, तिथे उतरवलं आणि भोसरीच्या दिशेने वळला. बायका आपापल्या घरांकडे वळल्या. आई उंबऱ्यावरच बसून राहिली, कोंड्याचं सूप मांडीवर घेऊन. म्हैस नव्हती, त्या कोंड्याचं काय करायचं हे तिला कळत नसावं. मी तिच्याजवळ बसले. एकटीची आई मला मिळाली होती, आणि ती रस्त्याकडे बघत होती.

"लहानपणी विचारायचीस ना," ती म्हणाली, "तुझ्यासाठी काय दिलं म्हणून?"

मी हो म्हणाले.

"हे दिलं." तिने हनुवटीने रस्त्याकडे खूण केली.

मी बघितलं. तो अजून दिसत होता, पायडल मारत चालला होता, पाठमोरा, शर्टाची पाठ वाऱ्याने फुगलेली. इतक्या वर्षांनी मला माझी किंमत कळली होती. मी मागितली होती त्याहून ती कितीतरी मोठी होती, एवढं मलाही कळत होतं. आणि त्या किमतीतसुद्धा तोच होता.